आमची वाटचाल : हिमनदीसमोरचे दोन तास

ताई शाळेत विज्ञान शिकवायची आणि मी एका प्रवासी कंपनीत तिकिटांचं काम बघायचे. दोघींनी मिळून स्वतःचं काही सुरू करायचं ठरवलं, तेव्हा एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पक्की होती. शाळकरी मुलं असलेल्या कुटुंबांना थंड प्रदेशातल्या क्रूझवर न्यायचं. डोंगर, हिमनद्या, देवमासे दाखवायचे. 'मुलांना घेऊन अलास्काला जाऊ का?' असं विचारणाऱ्या आईवडिलांना तेव्हा बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळायचं: कंटाळतील, मोठी झाली की न्या. आम्हाला ते पटत नव्हतं. आजही पटत नाही.

पहिल्या सफरीला सहा कुटुंबं होती, अकरा मुलं. मुलांना सतत काहीतरी हवं असतं या समजुतीनं आम्ही कार्यक्रम गच्च भरला होता. प्रत्येक बंदरात दोन-दोन ठिकाणं, जहाजावर आल्यावर खेळ. एक दिवस तेवढा मोकळा होता, कारण त्या दिवशी जहाज कुठल्याच बंदराला लागणार नव्हतं. तो ग्लेशियर बे या अलास्कातल्या खाडीचा दिवस.

सकाळी छोट्या होडीतून राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर जहाजावर चढले, आणि काही तासांनी आम्ही मार्जरी हिमनदीसमोर उभे होतो. पाण्यावर सुमारे ७५ मीटर उंच आणि दीड किलोमीटरहून रुंद अशी बर्फाची भिंत. बारीक पाऊस सुरू होता. आमच्यातला एक नऊ वर्षांचा मुलगा रेलिंगला धरून चाळीस मिनिटं उभा राहिला. अंगात जीन्स, जाकिटाच्या आत सुती स्वेटशर्ट, हातात लोकरी मोजे आणि ते भिजलेले. बोटं दुखायला लागली तेव्हा आई त्याला गरम काहीतरी प्यायला आत घेऊन गेली. त्यानंतर दहा मिनिटांत भिंतीचा एक अख्खा कडा सुटला आणि पाण्यात कोसळला. डेकवरची सगळी माणसं ओरडली. तो धावत बाहेर आला, तोवर लाटा पसरत होत्या आणि बर्फाचे तुकडे तरंगत होते. रडला नाही. मला विचारलं, "मावशी, परत कधी पडेल?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री ताई आणि मी केबिनमध्ये बराच वेळ जाग्या होतो. मुलाला आम्ही थंडीत उभं केलं होतं, पण उभं राहायला जे लागतं ते काहीच दिलं नव्हतं. आमच्या धंद्याची खरी सुरुवात मी त्या रात्रीपासून धरते.

आधी कपडे. तेव्हापासून आम्ही प्रत्येक घरी निघण्याच्या महिनाभर आधी कपड्यांची यादी पाठवतो आणि पालकांकडून फोटो मागवतो. काहींना तो अतिरेक वाटतो, पण मी त्यात सूट देत नाही. आत अंगाला बसणारं थर्मल, त्यावर फ्लीस, वर पाणी न झिरपणारं जाकीट आणि तशीच पँट. उन्हाळ्यातही हिमनदीवरून येणारा वारा चावतो, आणि सुती कपडा एकदा भिजला की अंगातली ऊब ओढून घेतो. हातमोजे दोन: आत पातळ, वर चार बोटं एकत्र राहणारे मिटन. बोटं एकमेकांना लागून राहिली की गरम राहतात. पातळ मोज्यांत पेन्सिल धरता येते, हे आमच्या दृष्टीनं फार महत्त्वाचं.

कारण दुसरी गोष्ट होती वही. ही ताईची कल्पना. वही छोटीशी, दोरीनं गळ्यात अडकवलेली. दोन मोठे रकाने: काय दिसलं, काय ऐकलं. त्यांच्या शेजारी एक अरुंद रकाना, नुसता सेकंदांचा. बर्फाचा कडा पडताना आधी दिसतो, आवाज मागून येतो. त्या थंडीत आवाज सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे एका किलोमीटरला साधारण तीन सेकंद. पुढच्या सफरीत एक सहावीतली मुलगी रेलिंगपाशी उभी होती. भिंतीच्या डाव्या टोकाला पांढरी धूळ उडाली आणि ती मोठ्यानं मोजायला लागली. "एक... दोन..." तीन म्हणायच्या आत तोफ उडावी तसा आवाज आला. तिनं मोजा दातांनी ओढून काढला, वहीत आकडा मांडला आणि आपल्या बाबांना सांगितलं, "किलोमीटरसुद्धा नाहीये. पाउणएक असेल." बाबा मोबाईलवर चित्रण करत होते. त्यांनी मोबाईल खिशात टाकला आणि पुढच्या कड्याचे सेकंद तिच्याबरोबर मोजले. मग मुलं दोन-दोन तास हलेनात. जहाज हिमनदीसमोर जागच्या जागी सावकाश वळतं, दोन्ही बाजूंना सारखंच दिसतं, त्यामुळे पळापळ करावी लागत नाही, हेही आम्ही आता आधीच सांगून ठेवतो.

दुर्बिणीसाठी खर्च करायचा तर आठ पटीच्या पुढे जाऊ नका, असं आमचं सांगणं असतं. हलत्या डेकवर जास्त पटीच्या दुर्बिणीत चित्र थरथरतं आणि मूल ती दोन मिनिटांत परत देतं.

मग कार्यक्रम कापले. बंदरात एकच ठिकाण, पण पुरेसा वेळ देऊन. स्कॅगवेला आम्ही फक्त व्हाइट पासची आगगाडी ठेवली. १८९८ ते १९०० या काळात बांधलेला हा अरुंद मार्ग सुमारे ३२ किलोमीटरमध्ये जवळजवळ ९०० मीटर चढतो. कॅनडातल्या क्लोंडाइकमध्ये १८९६ साली सोनं सापडलं आणि पुढच्या दोन वर्षांत हजारो माणसं याच डोंगरांतून गेली. वर्षभराची शिधासामग्री बरोबर असल्याशिवाय कॅनडाचे पोलीस हद्दीत घेत नसत. सगळं मिळून ओझं टनाच्या घरात जायचं. ताई गाडीत मुलांना विचारते, पाठीवर एका वेळी २५ किलो नेलं तर खेपा किती? चाळीस. आणि तुमच्या दप्तराएवढं, पाच किलो नेलं तर? दोनशे. हे ऐकल्यावर मुलं खिडकीतून खाली दरीत बघतात, तेव्हाचं त्यांचं बघणं वेगळं असतं.

जहाज निवडण्यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. ग्लेशियर बेमध्ये उन्हाळ्यात दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो, त्यामुळे अलास्काची प्रत्येक सफर तिथे जात नाही. माहितीपत्रकावर हिमनदीचं चित्र असलं तरी मार्ग कुठला आहे ते वाचूनच पुढे जायचं. केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घेतो, तिथे हेलकावे कमी लागतात. बेटांच्या आडोशानं जाणारा इनसाइड पॅसेज बहुतेक शांत असतो, उघड्या समुद्राचे काही तास मात्र येतात. बाल्कनी घेतलीच, तर तिथली खुर्ची रेलिंगपासून लांब ठेवायची आणि मुलांना एकटं बाहेर सोडायचं नाही. जूनमध्ये अठरा तास उजेड असतो, म्हणून पडदे घट्ट ओढून मुलांना वेळेवर झोपवायचं.

कागदपत्रांबद्दल थोडं. अमेरिकेच्या १८८६ च्या एका कायद्यामुळे परदेशी नोंदणीच्या जहाजाला फक्त अमेरिकी बंदरांमध्ये प्रवासी ने-आण करता येत नाही, म्हणून सिअॅटलहून अलास्काला जाणारी जहाजंही वाटेत कॅनडाच्या बंदराला लागतात. दोन्ही देशांची कागदपत्रं लागतात ती त्यामुळे. मूल एकाच पालकाबरोबर येत असेल, तर दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र आम्ही आग्रहानं घ्यायला लावतो.

हाच कायदा आम्हाला पुढे फार जवळून कळला. २०२० मध्ये महामारी आली, कॅनडानं आपली बंदरं क्रूझ जहाजांना बंद केली आणि मोठ्या जहाजांचा अलास्काचा अख्खा मोसम गेला. आमच्याकडे चौदा कुटुंबांची नोंदणी होती. त्यांचे पैसे परत मिळवून देण्यात कित्येक महिने गेले. उत्पन्न शून्य. कंपनी बंद करावी का, हा विषय रोज जेवताना निघायचा.

त्या काळात ताईनं एक केलं. नोंदणी केलेल्या मुलांसाठी दर शनिवारी संगणकावर तास घ्यायला लागली. सामन माशाच्या पाच जाती हाताच्या पाच बोटांवर. हंपबॅक जातीच्या देवमाशाच्या शेपटीच्या खालच्या बाजूची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते आणि शास्त्रज्ञ त्यावरून देवमासा ओळखतात, म्हणून मुलांनी शेपट्यांच्या फोटोंच्या जोड्या लावायच्या. ग्लेशियर बेचे दोन नकाशे शेजारी-शेजारी ठेवायचे: १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी व्हँकुव्हर याच्या मोहिमेनं पाहिलं तेव्हा बर्फ खाडीच्या तोंडाशी होता, आज खाडी शंभर किलोमीटरहून लांब आहे. एका मुलानं विचारलं, मग सगळ्याच हिमनद्या मागे चालल्यात का? तर नाही, त्याच भागातली हबर्ड हिमनदी शंभराहून जास्त वर्षं पुढे सरकते आहे. यावर एक पूर्ण शनिवार गेला.

मे २०२१ मध्ये अमेरिकेनं तात्पुरती सूट देणारा कायदा केला, जुलैत मोठी जहाजं पुन्हा अलास्काला लागली. आमची पहिली तुकडी त्याच्या पुढच्या वर्षी गेली. शनिवारचे तास केलेली मुलं डेकवर पाय ठेवल्यापासून काय शोधायचं ते जाणत होती. हंपबॅकचा फवारा सगळ्यांत आधी आठ वर्षांच्या मुलीला दिसला, मला नाही. तेव्हापासून ते तास प्रत्येक सफरीआधी होतात आणि त्यांचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.

गेल्या मोसमात तो पहिल्या सफरीतला मुलगा परत आला. आता दहावी झालेला, बरोबर धाकटी बहीण. ग्लेशियर बेच्या दिवशी धुकं इतकं दाट होतं की मार्जरी दिसलीच नाही. जहाज थांबलं तिथे समोर फक्त पांढरं. माझा जीव खालीवर होत होता. मग धुक्याच्या आतून आवाज आला, लांबलेला, छातीत जाणवणारा. रेंजरनं सांगितलं, इथले मूळ रहिवासी, ट्लिंगिट लोक, याला पांढरा गडगडाट म्हणतात.

मुलगा रेलिंगपाशीच राहिला. दीड तासानं त्याची वही पाहिली. 'काय दिसलं'मध्ये आडवी रेघ, 'काय ऐकलं'मध्ये सात खुणा, सेकंदांचा रकाना कोरा. आई चहाला बोलवायला आली तेव्हा तो बहिणीचे मिटन मनगटापाशी घट्ट करत होता. "तू हिला घेऊन जा," तो म्हणाला, "मी आहे इथं."