एक बाइट जास्तीचा

गुरुवार, रात्री उशिरा

पायथॉनला जोडलेलं सी भाषेतलं जुनं एक्स्टेन्शन, काम एवढंच की गावांची नावं कॉपी करायची. 'छत्रपती संभाजीनगर' जागा सोडून लिहिलं की सगळं सुरळीत. सलग लिहिलं की पायथॉन थोड्या वेळाने कुठल्या तरी भलत्याच ओळीवर कोसळतो, आणि तेही त्याची लहर लागेल तेव्हा.

मेमरीच्या चुका पकडणारं व्हॅलग्राइंड लावलं. स्क्रीनभर 'अनइनिशियलाइज्ड व्हॅल्यू'ची (काहीही न भरलेली मेमरी वाचल्याची) तक्रार, बोट दरवेळी पायथॉनच्याच आतल्या 'ॲड्रेस_इन_रेंज' या फंक्शनकडे. ते आमचं पाप नव्हे. पायथॉन 3.8 हा 512 बाइटपर्यंतच्या मेमरीच्या मागण्या स्वतःच भागवतो: सिस्टिमकडून 256 केबी घाऊक उचलायचे, त्याचे 4 केबीचे तुकडे (त्यांना 'पूल' म्हणतात) करायचे, त्यातून छोटे ब्लॉक किरकोळीत वाटायचे. परत आलेल्या मेमरीचा पत्ता आपल्याच मालाचा का, हे ओळखायला तो पूलच्या तोंडाशी असलेला आकडा वाचतो. पत्ता बाहेरचा निघाला तर तिथे कचराही असू शकतो. पण पुढची तपासणी त्या कचऱ्याला फसत नाही, त्यामुळे हे जाणूनबुजून चालवून घेतलंय. व्हॅलग्राइंडला ते कुठून कळणार!

पायथॉनच्या सोर्ससोबत सप्रेशन फाइल (दुर्लक्ष करायच्या तक्रारींची यादी) मिळते, ती लावली की गोंगाट बंद. पुष्कळ जण तिथेच समाधान मानतात. मला ते पटत नाही. अख्खे 256 केबी व्हॅलग्राइंडच्या लेखी वैध असतात. आतल्या आत कोणी शेजाऱ्याच्या हद्दीत घुसलं तर त्याला गंधही नसतो.

म्हणून 'पायथॉनमॅलॉक' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 'मॅलॉक' करून, म्हणजे पायथॉनचं किरकोळ वाटप बंद करून प्रत्येक मागणी थेट सिस्टिमकडे पाठवून, पुन्हा चालवलं (3.6 पासून ही सोय आहे). लगेच सापडलं: 'इनव्हॅलिड राइट ऑफ साइज 1', म्हणजे हद्दीबाहेर 1 बाइट लिहिला, 48 बाइटच्या ब्लॉकला अगदी लागून. सी मध्ये स्ट्रिंग संपल्याची खूण म्हणून शेवटी जो शून्य बाइट लागतो, त्यासाठी जागाच मागितली नव्हती. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट (काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातलं हलंत ही वेगळी चिन्हं). सलग नावात चिन्हं 16, म्हणजे बरोबर 48. पायथॉनचे ब्लॉक 16च्या पटीत असल्याने जागा सोडलेल्या 49 बाइटच्या नावाला 64चा ब्लॉक मिळतो आणि चूक पोटात जाते. 48ला मात्र ते शून्य थेट शेजारच्या ब्लॉकवर. तो रिकामा असेल तर त्याच्या सुरुवातीला पुढच्या रिकाम्या ब्लॉकचा पत्ता असतो. त्या पत्त्याचा एक बाइट पुसला की पुढेमागे एकच जागा दोघांच्या नावावर. मग कोण कुठे मरेल याचा नेम नाही.

मागणीत अधिक एक टाकून बिल्ड लावलं. उद्या टेस्ट तेच व्हेरिएबल 'डीबग' करून चालवायच्या. त्यात पायथॉन ब्लॉकच्या आजूबाजूला हेक्समधले एफडी बाइट भरतो आणि फ्री करताना तपासतो. व्हॅलग्राइंडएवढी रखडपट्टीही नाही.