माळ्यावरचा चोक

शाळेत मला ‘ट्यूबलाइट’ म्हणायचे. विनोद सांगून झाला, सगळे हसून गप्प झाले, की मग मी हसायचो. आजच्या पोरांना हे नाव कळत नाही, कारण एलईडीची पट्टी बटण दाबताक्षणी लागते. आमची चारफुटी ट्यूब आधी दोन्ही टोकांना तांबूस व्हायची, दोन-तीनदा डोळे मिचकवायची आणि मनात आलं तर पेटायची. नाहीतर बाबा स्टुलावर चढून स्टार्टर, म्हणजे ट्यूब पेटवून देणारी बोटभर डबी, फिरवायचे.

परवा माळा आवरताना तिचा चोक सापडला. पत्र्याची लांबट डबी, पण उचलली तर मनगट वाकतं. भंगारवाल्याने पहिलं काय विचारावं? ‘‘तांब्याचा आहे का?’’ मी घाईघाईने म्हटलं, द्यायचा नाहीये.

आत काय असतं? लोखंडाच्या पातळ पत्र्यांची गड्डी आणि तिच्यावर तारेचे शेकडो वेढे. पुस्तकातला इंडक्टर तो हाच. एका दिशेने संथ वाहणाऱ्या विजेबद्दल त्याची तक्रार नसते. ती वाढू लागली की हा अडवतो, कमी होऊ लागली की मागून ढकलतो. आजीचा शिसवी झोपाळा असाच होता. चौघं बसले की हलता हलत नसे आणि एकदा लयीत आला की थांबवणाऱ्याच्या पायाला हिसका बसे. झोपाळ्याचा जोर वजनात, चोकचा चुंबकीय क्षेत्रात. हा हट्ट अमेरिकेतल्या जोसेफ हेन्रीने 1832 साली मांडला, म्हणून त्याचं माप हेन्रीत. आमचा चोक हिशेबाने दीड हेन्रीच्या आसपास भरतो.

बटण दाबलं की वीज चोकमधून, दोन्ही टोकांच्या फिलामेंट तापवत, स्टार्टरमधून जाते. स्टार्टरमधली तापून चिकटलेली पट्टी गार होऊन सुटते आणि वाट एकदम तुटते. चोकला हे खपत नाही. प्रवाह चालू ठेवण्यासाठी तो शेकडो व्होल्टचा हिसका देतो आणि 230 व्होल्टला दाद न देणारा ट्यूबमधला वायू त्या हिसक्याने वीज वाहू देतो. पण पट्टी सुटली तेव्हा प्रवाह नेमका शून्याजवळ असला, तर हिसका लुळा पडतो. मग पुन्हा डोळे मिचकावणं. म्हणजे उशीर स्टार्टरचा आणि नशिबाचा. नाव मात्र ट्यूबचं (आणि माझं) खराब.

पेटल्यावर तोच चोक लगाम होतो, कारण मोकळ्या सुटलेल्या वायूतून प्रवाह वाढतच गेला असता. घरची वीज सेकंदाला शंभरदा दिशा बदलते, त्यामुळे चोकला विरोध करायला सतत कारण मिळतं. हेच काम साध्या रोधकाला दिलं असतं, तर 40 वॉटच्या ट्यूबसाठी त्याने 50-एक वॉट नुसते उष्णतेत घालवले असते. चोक घेतलेलं बरंचसं परत करतो, म्हणून कोमट होण्यावर भागतं. पत्रे सैल झाले की गुणगुणतोही. ती गुणगुण ऐकत मी दहावीचा अभ्यास केला.

ट्यूब एकदा पेटली की स्टार्टर काढला तरी चालतं. शेजारच्या काकूंचा स्टार्टर गेला, तेव्हा बाबांनी आमच्या चालू ट्यूबचा काढला, त्यांची ट्यूब पेटवून दिली आणि खिशात घालून परत आणला. आठवडाभर दोन घरं एका स्टार्टरवर चालली. वीज गेली की मात्र आधी कोण, यावरून कुरबुर व्हायची.