नाणेघाट, ऑक्टोबर: शेतातली वाट धरू नका

'ऑक्टोबरचा दुसरा आठवडा म्हणजे पाऊस संपलेला, भातं पिवळी, वाट कोरडी.' सांगणारा मित्र कल्याणचा, नाणेघाट सातदा केलेला, म्हणून विश्वास ठेवला. त्यातलं भातं पिवळी तेवढं खरं निघालं.

शनिवारचं पटकन सांगतो. लोकलने कल्याण, तिथून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणारी एसटी, वैशाखऱ्याच्या पुढे उतरून मळलेली वाट, अडीच तासांत गुहा. सातवाहनकालीन ब्राह्मी लेख, जकातीचा दगडी रांजण, मुक्कामाला घाटघर, पिठलं-भाकरी. छान गेला दिवस.

रविवारी लोळत बसलो आणि उतरायला १ वाजवला. सगळी वाट तिथेच लागली. ऊन भाजून काढत होतं, पश्चिमेला ढगाचा ठिपका नव्हता, मोबाइल ठाण्यात कोरडं हवामान दाखवत होता. तो अंदाज ठाणे शहराचा. मुरबाडच्या डोंगरपायथ्याशी त्याचा काही संबंध नाही, हे आधी डोक्यात घ्या.

मित्राचा दुसरा सल्ला असा, की जंगल संपलं की हमरस्त्याकडे न जाता पाड्याच्या दिशेने शेतातून उतरायचं, अर्धा तास वाचतो. तोही ऐकला. पाऊण वाट उतरलो आणि गडगडाट झाला, तोही पाठीमागून. वळून बघतो तर घाटमाथा दिसेनासा झालेला. दहा मिनिटांत झोडपायला सुरुवात.

आता त्या भातशेतांच्या बांधांविषयी. जेमतेम दीड वीत रुंद, गवताने झाकलेले, आणि आतून खेकड्यांनी पोखरलेले. पाय ठेवला की एक तर घसरतो, नाही तर गुडघ्यापर्यंत आत जातो. आमच्या चौघांतला एक जण दोनदा खाचरात आडवा झाला. सहा-सातशे मीटरला आम्हाला एक तास दहा मिनिटं लागली, आणि त्यातला निम्मा वेळ डोक्यावर वीज कडाडत होती. उघड्या शेतात, हातात धातूच्या काठ्या घेऊन! इतका मूर्खपणा मी वीस वर्षांत केला नव्हता. चांगले बूट, काठ्या, सगळं होतं. काही उपयोग नाही.

तेवढ्यात एक म्हातारे बाबा ओरडले, "दादा, बांधावरून उतरा आधी! बांध फुटला तं खालची कडपं जातील वाहून!" कापून वाळत घातलेल्या भातावर ते एकटेच प्लास्टिक ओढत होते. आम्ही सॅक टाकल्या आणि अर्धा तास भिजके भारे पडवीत वाहिले. ओला भारा किती जड असतो ते खांद्याला अजून आठवतंय.

चहा घेताना बाबांनी दोन वाक्यांत आमची शाळा घेतली. "जून-जुलैचा पाऊस दर्यावरून येतो, आताचा घाटावरून. सकाळी ऊन जास्त चटकलं का दुपारचं समजून जायचं." मोसमी वारे सरले की समुद्राकडून ढगांची रांग येत नाही, दिवसभर तापलेल्या सह्याद्रीवर दुपारी ढग चढतात आणि खाली ठाण्याकडे सरकतात. आम्ही चुकीच्या दिशेला बघत होतो. मुंबईतून मान्सून परतण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख आता ८ ऑक्टोबर आहे, पण ती सरासरीच.

बाबांचं दुखणं वेगळं. माळाच्या उथळ जमिनीत पाणी टिकत नाही, पाऊस ओसरला की आठ-दहा दिवसांत ती सुकते. म्हणून तिथे लवकर तयार होणारं हळवं भात. खोलगट खाचरात, जिथे ओल राहते, तिथे नोव्हेंबरपर्यंत उभं राहणारं गरवं. म्हणजे हळवं नेमकं परतीच्या पावसाच्या तोंडात कापायला येतं. कापल्यावर दोन-तीन दिवस कडक ऊन लागतं. भिजलं तर लोंबीतच कोंब फुटतात, दाणा काळवंडतो, व्यापारी भाव पाडतो. ठाणे जिल्ह्यात चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि वर्षाचं भात शेवटच्या एका दुपारीत भिजतं. भातामागून ओलीवर कडवे वाल पेरतात, पुढे ते दवावर जगतात. "वालाला ओल पायजेच, पण आधी भात घरात येऊ दे," बाबा म्हणाले.

तेव्हा ऑक्टोबरात जायचंच असेल तर सकाळी ७ ला उतरायला लागा आणि ११ च्या आत हमरस्ता गाठा. नजर पूर्वेला, घाटाकडे ठेवा. शेतातला शॉर्टकट बाद, कोणी कितीही खात्रीने सांगो. तुमची घसरगुंडी म्हणजे त्या माणसाचा बांध. वीज चमकू लागली की काठ्या दूर ठेवा, एकट्या झाडाखाली थांबू नका, घर दिसेल तिथे शिरा. कोणी नाही म्हणत नाही.

आणि एसटीची वेळ विचारून ठेवा. आमची चुकली, आणि मुरबाडपर्यंत जीपवाल्याने माणशी २५० रुपये घेतले. एवढे कसे विचारलं तर म्हणे, "पाऊस आहे ना." वर सीट ओली केली म्हणून कुरकुर. चिखलाने माखलेले आम्ही चौघे मुकाट्याने बसलो.

घरी येऊन मित्राला फोन लावला, चांगला फैलावर घ्यायला. सातदा गेलास ना रे, मग? तर म्हणतो, "मी नेहमी डिसेंबरात जातो."