लष्कराच्या स्टॅलियनचा वणव्यासाठी टँकर: माझा अनुभव

कोकणात सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरच्या, आंबा बागेत वणवा लागला तर साधा टँकर तिथवर पोचत नाही. डांबरी संपली की उघडा जांभा, मध्ये गडगे (दगडी कुंपणं), पऱ्याच्या (ओहोळाच्या) उतारावर सुटे दगड. भरलेल्या टँकरची मागची चाकं जागच्या जागी फिरतात. फेब्रुवारीपासून गवत वाळतं. बेणणी (गवत कापणं) झाली नसेल तर कुणाची भाजावळ (शेतात पालापाचोळा जाळणं) किंवा वीजतारेची एक ठिणगी पुरते. फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद मिळणारी) गाडी नवीन घेणं परवडत नाही, म्हणून लष्कराने लिलावात काढलेली गाडी, आमच्या बाबतीत अशोक लेलँडचा स्टॅलियन ट्रक.

गाडी निवडताना ताकदीपेक्षा सुटे भाग कुठे मिळतात ते बघायचं. लष्कराचा जुना ट्रक शक्तिमान: ही १९५९ पासून जबलपूरला बनत होती, गाडी दणकट, पण आता एकेका भागासाठी भंगारबाजार पालथा घालावा लागतो. निस्सान वन टनचं ३९५६ सीसीचं इंजिन पेट्रोल पाण्यासारखं पितं. टाटाची अडीच टनी चांगली, पण तिच्यावर फार पाणी मावत नाही. अशोक लेलँडची स्टॅलियन मात्र कच्च्या रस्त्यावर ५ टन उचलते, आणि तिचं हिनो घराण्याचं सहा सिलिंडरचं इंजिन लेलँडच्या साध्या ट्रक-बसमध्येही आलेलं आहे. पंपाचा, हेडचा, पिस्टनचा माल कोल्हापुरात मिळतो, आणि ते खोललेला फिटर गावात सापडतो. आमच्या मते निकाल इथेच लागतो.

लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या संकेतस्थळावर होतात आणि माल ‘जसा आहे, जिथे आहे’ या बोलीवर मिळतो. लॉटच्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. भंगार म्हणून विकलेल्या गाडीला नंबर मिळत नाही, मग इंजिन कितीही गोड वाजो. नोंदणीसाठी लष्कराच्या अधिकाऱ्याने दिलेलं मूळ विक्री प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २१, लागतं. त्यावरचा चेसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर घासून, पेन्सिलचा छाप घेऊन, डेपोतून बाहेर पडण्याआधीच जुळवा. लष्करात इंजिन बदललेलं असणं नेहमीचं आहे. कागदावर जुना नंबर राहिला असेल तर दुरुस्ती तिथेच होते, नंतर आरटीओत नाही. जुन्या लष्करी नंबरात वर टोक असलेल्या बाणानंतरचे दोन आकडे खरेदीचं वर्ष सांगतात. विक्रेता वर्षाबद्दल काहीही बोलो, तो आकडा बघावा.

नंबर नसलेली गाडी चालवत आणता येत नाही. लोबेड (गाडी वाहून नेणारा बसका ट्रेलर) मिळाला तर उत्तम. टो करायची झाली तर दोन्ही प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारे दांडे) खोलून ठेवा. इंजिन बंद असताना चाकांनी ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी गिअरपेटी) फिरत राहिली तर वरच्या गिअरपर्यंत तेल उडत नाही आणि घाट उतरेपर्यंत बेअरिंग जळतं. ब्रेकला स्प्रिंग चेंबर असतील तर हवा नसताना ते चाक धरून ठेवतात, त्यांचा बोल्ट फिरवून स्प्रिंग आवळल्याशिवाय गाडी हलणार नाही. तो बोल्ट न लावता चेंबरचा क्लॅम्प कधीच खोलू नये. आतली स्प्रिंग माणसाचा जीव घेऊ शकते.

इंजिन घाईने चालू करायचं नाही. आधी इंजिनखालच्या चेंबरचं तेल काढून पाणी आहे का बघा, तेल दुधाळ असेल तर हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलरकडे वळा. इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा, ते रात्रभर मुरू द्या आणि पुलीला पाना लावून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. अडकला तर जोर लावू नका. टर्बोच्या तेलाच्या इनलेटमध्ये तेल घालून शाफ्ट बोटाने हलवा. आजूबाजूला किंचित हलणं चालतं, पण पंखा घराला घासत असेल तर तो भाग बदलायचाच. डिझेल टाकी उतरवून धुवा. जुन्या डिझेलखाली पाणी आणि काळा चिकट गाळ हमखास असतो, आणि तो एकदा पंपात गेला की बिल मोठं येतं. १५-४० ग्रेडचं तेल, नवीन फिल्टर, लाइनमधली हवा काढणं, आणि पहिल्या स्टार्टला एक जण हवेच्या तोंडापाशी लाकडी फळी घेऊन उभा. पंपाचा रॅक (डिझेलचं माप ठरवणारी दांडी) अडकून इंजिन सुसाट सुटलं तर चावीने बंद होत नाही, तोंड झाकलं तरच थांबतं.

इंजिन मात्र सहसा सोपं निघतं. कोकणात गाडी खाते ती हवा. लष्कराचा हिरवा रंग थरावर थर चढवलेला असतो आणि त्याखाली काय चाललंय ते दिसत नाही. हातोडीने चेसीवर ठोकत जा. टणटण आवाज चांगला. बद्द आवाज आला तिथे पत्रा पोकळ. चेसीला जिथे दुसरी पट्टी जोडलेली असते तिथे दोन पट्ट्यांमध्ये गंजाचा थर फुगतो आणि रिव्हेट ताणून तोडतो. असा सांधा वरून रंगवून उपयोग नाही, रिव्हेट काढून पट्टी वेगळी करावी लागते. आतला खवल्यासारखा गंज पट्टी सुटताच हातात येतो आणि खाली किती जाडी उरली ते तेव्हा कळतं.

ग्रिट (खरखरीत कण) हवेच्या दाबाने मारून घासायचं काम नोव्हेंबर ते मे यातच घ्या. उघड्या लोखंडावर हवेतल्या ओलाव्याने काही तासांत पिवळसर झाक येते, म्हणून घासल्या दिवशीच जस्तयुक्त इपॉक्सी प्रायमर बसला पाहिजे. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंग मारूच नये. ब्लास्टिंगला समुद्राची वाळू वापरतात तेही थांबवा. मीठ पत्र्यात ठोकून बसतं, आणि वाळूच्या धुळीने फुप्फुसं जातात. प्रायमरवर इपॉक्सी, वरून पॉलियुरेथेन. चेसीच्या पोकळीत मेण फवारतात ते सगळ्यात टिकतं. वापरलेलं इंजिन ऑइल फवारण्याची इथली पद्धत स्वस्त आहे, पण त्याने रबरी बुश आणि पाइप फुगतात.

रंगाच्या बाबतीत एक गोष्ट आधीच ठरवून टाका: केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे संरक्षण खात्याच्या गाड्यांशिवाय कोणालाही ऑलिव्ह ग्रीन रंग वापरता येत नाही. जुना रंग जपायचा मोह असेल तर तो सोडा. आमचा टँकर लाल-पांढरा आहे, आणि धुरात तोच दिसतो.

ब्रेकमध्ये रबर बाहेरून शाबूत दिसलं तरी वयाने गेलेलं असतं. सगळे डायफ्रॅम, होज पाइप, व्हॉल्व्हची किट बदला. नंतर हवा भरून इंजिन बंद करा, काटा किती उतरतो ते पाहा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवा. हवेच्या टाक्यांतलं पाणी रोज सोडायला हवं. आपल्याकडच्या दमट हवेत एका दिवसात कपभर पाणी सहज जमतं. टाकी आतून गंजून तिचा भुगा व्हॉल्व्हमध्ये अडकतो, आणि ब्रेक लागून राहतो तो त्यामुळे. जुन्या लायनरची धूळ हवेच्या नळीने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसा, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो.

हब, नकल, डिफरन्शियल उघडून तेल बघा. पाण्यातून गेलेल्या गाडीत ते ताकासारखं दिसतं. कारण ब्रीदर, म्हणजे हाउसिंगची हवा आत-बाहेर जायचं छोटं तोंड. गरम हाउसिंग पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढते. ब्रीदरला नळी जोडून कॅबिनच्या उंचीला नेली की हा त्रास जातो. ऑइल सील आणि नवीन ९० ईपी तेल आलंच.

टायर १२.०० × २० चे, ट्यूब-फ्लॅपवाले. नक्षी भरपूर दिसेल, कारण गाड्या चालल्यापेक्षा उभ्या जास्त राहतात. पण बाजूला कोरलेला चार आकडी आठवडा-वर्ष बघा आणि भिंतीवर भेगा शोधा. रिंगवाल्या चाकात हवा भरताना साखळी गुंडाळा किंवा पिंजरा वापरा. रिंग उडाली तर समोरचा माणूस वाचत नाही.

वायरिंग २४ व्होल्टचं, दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. लोक एका बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून हॉर्न-रेडिओ लावतात. ती बॅटरी कमी भरते, दुसरी जास्त भरून उकळते, आणि वर्षभरात दोन्ही जातात. २४ ते १२ चा कन्व्हर्टर स्वस्त आहे. ब्लॅकआउट दिव्यांचं (शत्रूला दिसू नयेत असे झाकलेले दिवे) जंजाळ काढून टाकलं, आणि हार्नेस नवीन घेताना कलई केलेल्या तांब्याची तार घेतली. ट्रॉलर बांधणाऱ्यांकडे ती मिळते. वेल्डिंगपूर्वी बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही सोडवा.

आता टाकी. ३ मीटर लांब, १.५ मीटर रुंद, ०.९ मीटर उंच म्हणजे साधारण ४००० लिटर. ४ मिमी पत्र्याची टाकी, आत तीन आडवे पडदे, रिकामी सुमारे ६५० किलो होते. पाणी ४ टन, वर पंप आणि होज ३०० किलो. ५ टनांचं माप भरलं. ‘अजून हजार लिटर बसेल’ म्हणणाऱ्या वेल्डरचं ऐकू नका. पडद्यांना खालच्या कोपऱ्यांत पाणी जायला आणि वर हवा फिरायला छिद्रं ठेवा, माणूस आत जाईल असं ४५० मिमीचं झाकण ठेवा. अर्धी भरलेली टाकी उतारावर सगळ्यात धोकादायक. एक तर भरून जा, नाही तर रिकामं करून या.

टाकी चेसीला जखडू नका. खडकावर चढताना स्टॅलियनची चेसी मुद्दाम पिळते, आणि जखडलेली टाकी कोपऱ्याच्या शिवणीला फाटते. आम्ही टाकी आणि चेसीमध्ये वेगळी सबफ्रेम करून मागे घट्ट बोल्ट आणि पुढे स्प्रिंगवर बोल्ट दिले, म्हणजे पुढचं टोक उचलू शकतं. चेसी आणि सबफ्रेममध्ये जुन्या बॉडी बिल्डरप्रमाणे लाकडी पट्टी घालायची नाही. ती पावसाचं पाणी धरून ठेवते आणि तिथूनच चेसी सडते. रबरी पट्टी घाला. चेसीच्या वरच्या-खालच्या ओठाला भोक किंवा वेल्ड करू नये, जे काही जोडायचं ते उभ्या भागातल्या मूळ भोकांतून, ८.८ किंवा १०.९ ग्रेडच्या बोल्टने.

पंप दोन. बागेत फवारणीला लागणारा एचटीपी (जास्त दाबाचा) पंप बहुतेकांकडे असतोच. ३० लिटर प्रति मिनिट धरले तर ४००० लिटर दोन तासांहून जास्त पुरतात, १०० मीटर पाइप माणूस एकट्याने ओढतो, आणि गवताच्या आगीला एवढंच पाणी लागतं. दुसरा डिझेलचा मोठा पंप भरण्यासाठी आणि झाडाला लागलेल्या आगीसाठी, ६३ मिमीच्या होजला जोडलेला. शेतीपंप फार पाणी देतो पण दाब नसतो, नोझलमधून फवारा पाच-सहा मीटरवर पडतो. म्हणून पंपाचा हेड, म्हणजे तो पाणी किती उंच चढवू शकतो तो आकडा, किमान ६० मीटर मागा. पऱ्यातून ओढताना पंप पाण्यापासून ७ मीटरपेक्षा उंच असला तर ओढणारच नाही. खाडीचं पाणी भरलं तर कलमांच्या मुळाशी सोडू नका, आणि परतल्यावर दोन्ही पंपांतून गोडं पाणी फिरवा.

आरटीओत नमुना २० (नोंदणीचा अर्ज), नमुना २१, चेसी नंबरवर काढलेला विमा आणि वजनकाट्याची पावती लागते. टाकीचा आराखडा मोटार वाहन निरीक्षकाला काम सुरू करण्याआधी दाखवा. बॉडी बदलणं कलम ५२ खाली येतं, बांधून झाल्यावर विचारलं तर मागचा अंडररन गार्ड (मागून येणारी गाडी खाली घुसू नये म्हणून लावलेला आडवा दांडा) किंवा बाजूची पट्टी पुन्हा बनवायला लावतात. मालवाहू म्हणून नोंद झाली की ८ वर्षांपेक्षा जुन्या गाडीला फिटनेस दरवर्षी, वर पर्यावरण कर. गाडी जुनी होत जाईल तसं फिटनेसचं शुल्क बरंच वाढतं, तो हिशोब लिलावात बोली लावतानाच धरा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात टाकी रिकामी करून खालचा व्हॉल्व्ह उघडा ठेवतो, बॅटऱ्यांचे टर्मिनल ग्रीसमध्ये बुडवतो आणि महिन्यातून एकदा गाडी पाच किलोमीटर फिरवतो, म्हणजे लायनर ड्रमला चिकटत नाही.