वांग, स्कार्फ आणि बाबांचा टेरिकॉटचा शर्ट

पुण्यात मी वीसेक वर्षं टू-व्हीलर चालवतेय. इथल्या बायका गाडीवर कशा दिसतात हे काही वेगळं सांगायला नको, डोळे सोडले तर सगळं गुंडाळलेलं, स्कार्फ, वर सनकोट, हातमोजे. बाहेरून आलेले लोक हसतात, हसू देत. पण एवढा जामानिमा करूनही चाळिशीत माझ्या गालांवर वांग आलंच. आधी वाटलं चेहरा रापलाय, दिवाळीपर्यंत जाईल, तर दिवाळी गेली, संक्रांत गेली आणि डाग आहेत तिथेच, उलट डाव्या गालावर जरा जास्तच गडद.

मग मी तोच मूर्खपणा केला जो आपल्याकडे निम्म्या बायका करतात, मेडिकलवाल्याला विचारलं. त्याने एक ट्यूब काढून दिली, रात्री लावा म्हणाला. पंधरा दिवसांत चेहरा असा काही उजळला की ऑफिसात तिघींनी क्रीमचं नाव विचारलं (आणि मी सांगितलंही, आता लाज वाटते). थांबवलं की दुप्पट काळं, म्हणून परत लावायची, असं चार महिने चाललं आणि शेवटी गाल लाल, नुसतं पाणी मारलं तरी आग. मग गेले स्किनच्या डॉक्टरकडे. त्यांनी ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली, त्यात स्टेरॉईड होतं. 2018 पासून असल्या क्रीम्स चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत असा नियम आहे, पण काउंटरवर कोण विचारतंय.

डॉक्टरांनी दुसराच प्रश्न विचारला, ऑफिसात बसता कुठे? मी बसते खिडकीशी, खिडकी डाव्या हाताला. मला वाटायचं बंद काचेतून काय ऊन लागणार, एसी चालू असतो. तर उन्हात डोळ्यांना न दिसणारे यूव्ही किरण असतात, त्यातलं यूव्हीबी, ज्याने कातडी भाजते ते, काच बरंचसं अडवते, पण दुसरं, यूव्हीए, आरपार येतं आणि डाग गडद करायला ते पुरतं. खिडकी हे एकच कारण नाही म्हणाल्या, हॉर्मोन्स असतात, बाळंतपण असतं, घरात कुणाला असलं तरी होतं, पण रोजचे आठ तास तुम्ही त्यात तेल ओतताय. दुसऱ्या दिवशी पडदा ओढला. पलीकडच्या टेबलावरचा कुरकुरला, त्याला झाडं दिसत नाहीत.

आणि सनस्क्रीन मी लावतच होते हो! फक्त वाटाण्याएवढं. एसपीएफ पन्नासचं घेतलं म्हणून निर्धास्त. खरं म्हणजे तीस आणि पन्नासमध्ये फरक फार नाही, तीस साधारण 97 टक्के यूव्हीबी अडवतं, पन्नास 98, आणि यूव्हीएसाठी ट्यूबवर पीए लिहिलेलं असतं त्यापुढचे प्लस बघायचे असतात, जितके जास्त तितकं बरं. पण हे आकडे जाड थर लावून मोजलेले असतात. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर लांब रेघ ओढून येईल एवढं. पहिल्यांदा लावलं तेव्हा मी लेझीमवाल्यांच्या पुढच्या सोंगासारखी दिसत होते, पांढरीफटक, लेक दारातच हसत बसली. मग रंगवालं घेतलं, टिंटेड, त्यात आयर्न ऑक्साईड असतं. आपल्या सावळ्या कातडीवरचं वांग साध्या दिसणाऱ्या उजेडानेसुद्धा वाढतं आणि नेहमीचं बिनरंगी सनस्क्रीन तो उजेड फारसा अडवत नाही, हा रंग अडवतो. शिवाय पीठ फासल्यासारखं दिसत नाही, माझ्यासाठी तेच मोठं.

अजून एक घोळ डोक्यात होता, ऊन म्हणजे गरमी. तसं नाहीये ते. चटका दुपारी तीनला जास्त जाणवतो पण यूव्ही जास्त असतं बाराच्या आगेमागे, आणि डिसेंबरात स्वेटर घालून आपण मजेत ऊन खात बसतो तेव्हाही ते असतंच. सोपी खूण म्हणजे स्वतःची सावली बघायची, आपल्यापेक्षा आखूड असली की सांभाळायचं. पावसाळी ढगांतूनही बरंच खाली येतं, म्हणून जुलैत सुट्टी नाही.

स्कार्फचं सांगते, त्याने मनाला लागलं. माझा आवडता पांढरा मलमलचा, लक्ष्मी रोडवर घेतलेला, खिडकीसमोर धरला तर समोरच्या बिल्डिंगचे गज मोजता येत होते. मग ऊन कशाला थांबतंय? आता जाड विणीचा, गडद निळा घेतलाय, गरम होतं, इलाज नाही.

एप्रिलात सोलापूरला आईकडे गेले होते. गच्चीवर कुरडयांचं वाळवण घातलेलं, आणि आई साडीवर बाबांचा जुना फुल शर्ट घालून, पदर डोक्यावरून घेऊन कावळे हाकतेय. आमच्या भागात शेतात खुरपायला जाणाऱ्या सगळ्या बायका असाच शर्ट चढवतात, लहानपणी मला त्याची लाज वाटायची. हात लावून बघितला, जाड टेरिकॉट, उजेडासमोर धरला तर काही म्हणजे काही दिसेना. टेरिकॉटमध्ये पॉलिएस्टर असतं आणि ते यूव्ही चांगलं शोषतं, विरळ सुती कापडापेक्षा पुष्कळ बरं. मी ट्यूब काढली, म्हटलं आई तोंडाला तरी लाव.

"एवढं? आणि परत कधी?"

म्हटलं, बाहेर असशील तर दर दोन तासांनी.

"केवढ्याची गं ही?"

सांगितलं. तिने बोटांवरचं क्रीम बघितलं, ट्यूब बघितली, मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला आणि बोटं माझ्याच गालाला पुसली. "तूच लाव. आणि आत खुंटीला दुसरा शर्ट आहे तो घाल, नुसती उभी राहू नकोस, त्या कोपऱ्यातल्या कुरडया उलटायच्या राहिल्यात."