माझं तालिकापत्र

ग्रंथपालाच्या पेशात मिरवायला फारशी जागा नाही. हवं ते पुस्तक मिळालं की वाचक लेखकाचं नाव घेतो, छपाई वाईट असली तर प्रकाशकाचा उद्धार करतो. पण मागच्या रांगेतून धूळ झटकून ते काढून देणाऱ्या बाईचं नाव घ्यायचं त्याला काही कारण पडत नाही. याचं कुणाला वाईटही वाटत नाही. आम्हाला शिकवतातच मुळी वाचक आणि पुस्तक यांच्या मधून बाजूला कसं व्हायचं ते. आणि आता एम.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, एक पेपर असा आलाय की त्यात बाजूला व्हायचं नाही, पुढे यायचं आहे. लिंक्डइनवर प्रोफाइल उघडा, ऑर्किड हा संशोधकांचा ओळख-क्रमांक काढा, झोटेरो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये संदर्भ साठवा, विकिपीडियावर काहीतरी भर घाला, आणि या सगळ्यातून तुमचं ‘प्रोफेशनल नेटवर्क’ कसं वाढलं त्याचा अहवाल द्या. वीस गुण.

मी तालुक्याच्या गावी एका ‘ब’ वर्ग वाचनालयात काम करते. हा ‘ब’ म्हणजे शेरा नव्हे, अनुदानासाठी सरकार वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडतं त्यातला तो. सकाळी वर्तमानपत्रांच्या फायली, संध्याकाळी देवघेव, मधल्या वेळात डिंक आणि पुठ्ठे. हे सगळं लिंक्डइनच्या ‘हेडलाइन’ नावाच्या एका ओळीत बसवायचं होतं. वर्गातल्या मैत्रिणींनी तर कमाल केली. शाळेच्या ग्रंथालयात मुलांना गोष्टींची पुस्तकं वाटणारी एक जण रातोरात ‘नॉलेज रिसोर्स प्रोफेशनल’ झाली. दुसरी ‘माहिती-साक्षरतेची पुरस्कर्ती’. मी बराच वेळ त्या चौकटीकडे बघत बसले आणि ‘ग्रंथालय सहायक’ एवढंच टाकलं. मग पुण्याला आयटीत असलेल्या चुलत नणदेच्या नवऱ्याने माझ्या ‘लीडरशिप’ या कौशल्याला दुजोरा दिला. त्यांनी माझं नेतृत्व कुठे पाहिलं कोण जाणे. बहुधा बारशाच्या पंगतीत.

खरी अडचण हेडलाइनच्याही वरच्या चौकटीत होती. नाव.

तालिकीकरणाच्या, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करायला शिकवायच्या, तासाला आमच्याकडून नावं अक्षरशः घोटून घेतात. ‘मार्क’ या संगणकीय नोंदीच्या नमुन्यात १०० क्रमांकाच्या रकान्यात लेखक, २४५मध्ये शीर्षक, हे झोपेतही सांगता यायला हवं. शीर्षकाचं एक वेळ ठीक आहे, मुखपृष्ठ फाटलेलं असलं तरी आतल्या पानावर मिळतं. पण मराठी लेखकाचं नाव ठरवायचं म्हणजे डोक्याला ताप. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे. नारायण मुरलीधर गुप्त्यांनी ‘बी’ एवढ्या एका अक्षरात कवीपण उरकलं. गडकऱ्यांनी तर वाटणीच करून ठेवली आहे: कवितेला गोविंदाग्रज, विनोदाला बाळकराम, नाटकाला राम गणेश. तालिकाकाराने यातलं एक नाव प्रमाण धरायचं आणि बाकीच्या प्रत्येक नावाचं ‘पाहा’ असं कार्ड करायचं. म्हणजे वाचक कुठल्याही दाराने आला तरी एकाच खोलीत पोचतो.

बायकांच्या नावांशी आलं की ही कार्डं आणखी वाढतात. बाळूताई खरे, विभावरी शिरूरकर आणि मालतीबाई बेडेकर ही एकाच बाईंची तीन नावं: एक माहेरचं, एक लेखणीचं, एक लग्नानंतरचं. १९३३ साली विभावरी या टोपणनावाने त्यांच्या कथा आल्या आणि महाराष्ट्रात एवढा गहजब उडाला की ही विभावरी कोण, हे हुडकायला लोक निघाले. तालिकाकाराचं काम त्या मानाने शांतपणे चालतं, पण असतं तेच. ही कोण?

माझी तीन नाहीत, पण अडीच आहेत. बी.लिब.च्या प्रमाणपत्रावर माहेरचं, आधार कार्डावर सासरचं, आणि वाचनालयात नुसतं ‘बाई’. लिंक्डइनला आधारवरचं दिलं, तर शाळेतल्या मैत्रिणींना मी सापडेना. माहेरचं दिलं, तर आमचे कार्यवाह म्हणाले, “हे कोण नवीन?”

इथे मला ऑर्किड मनापासून आवडलं. २०१२ साली ही सोय संशोधकांसाठी सुरू झाली, ती नेमकी याच घोळासाठी. एकाच नावाची दहा माणसं आणि एकाच माणसाची दहा नावं, दोन्ही वेगळी करायची. नोंदणी केली की चार-चारच्या गटांत सोळा अंक मिळतात. शेवटचा अंक आधीच्या पंधरांवरून गणित करून काढलेला असतो आणि ते गणित दहावर आलं तर तिथे चक्क एक्स पडतो. नाव बदला, नोकरी बदला, गाव बदला, क्रमांक तोच. तो कुणाची मुलगी नाही की कुणाची सून नाही. वर ‘इतर नावं’ असा एक रकानाही आहे, म्हणजे आमची जुनी ‘पाहा’ कार्डंच. मी तिथे अडीचही नावं भरली. आता त्या क्रमांकाखाली एकही लेखन नाही, ही गोष्ट वेगळी. दाखल क्रमांक पडलाय, पुस्तक यायचंय.

नेटवर्किंगचं म्हणाल, तर आमच्या पेशातला पहिला धडा शियाळी रामामृत रंगनाथन यांनीच घालून दिलाय. दर १२ ऑगस्टला आम्ही त्यांच्या फोटोला हार घालतो. गणिताचा हा प्राध्यापक १९२४ साली मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला आणि तिथल्या सामसुमीला इतका कंटाळला की थोड्याच दिवसांत ‘मला परत शिकवायला घ्या’ म्हणून कॉलेजात हजर. त्यांना समजावून लंडनला धाडलं. तिथे ते एकामागून एक ग्रंथालयं पालथी घालत हिंडले, लोकांना विचारत, काम बघत. एका दुकानात सुटे भाग जोडायचा मेकॅनोचा खेळ पाहून त्यांना कोलन वर्गीकरण ही पुस्तकं विषयवार लावायची पद्धत सुचली, ही गोष्ट तर आम्हाला पहिल्याच महिन्यात ऐकवतात. परत आल्यावर मात्र त्यांनी कॉलेजचं नाव काढलं नाही. १९३१ साली त्यांनी मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथं ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असं आहे. लिंक्डइनवर लोकांना कामाच्या वर्धापनदिनाच्या शुभेच्छा देताना ते मला हटकून आठवतं.

पण सगळीच साधनं अशी नाहीत. कोहाच्या तर मी प्रेमातच पडले. हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या छोट्या भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार झालं. जुनी यंत्रणा २००० साल उजाडताच कोलमडणार होती, नवी विकत घेणं जड जात होतं, म्हणून त्यांनी आपली आपण करून घेतली आणि वर जगाला फुकट देऊन टाकली. त्यात एक खिडकी अशी आहे की पुस्तकाचं नाव टाकलं की दूरदूरच्या ग्रंथालयांतली तयार नोंद ओढून आणता येते. मी आमच्या कपाटातलं एक मराठी पुस्तक शोधलं, तर ते थेट वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये निघालं. त्यांचं दिल्लीला कार्यालय आहे, तिथून आपली पुस्तकं तिकडे जातात. फक्त त्यांच्या रोमन पद्धतीत शेवटच्या अकारालाही एक ‘ए’ मिळतो. त्यामुळे कुसुमाग्रज तिथून ‘कुसुमाग्रजा’ होऊन येतात. कुणीतरी सातासमुद्रापलीकडून संबोधन एकवचनात हाक मारतंय असं वाटतं. नोंद बाकी चोख होती, पानांची संख्या आणि सेंटिमीटरमधली उंचीसुद्धा.

विकिपीडियाचं प्रकरण जरा लांबलं. दरवर्षी जानेवारीत ‘एका ग्रंथपालाने निदान एक संदर्भ जोडावा’ अशी हाक जगभर दिली जाते, २०१६पासून. मराठी विकिपीडियावर आमच्या गावाचं पान आहे. त्यात नदी, बाजाराचा वार आणि ‘येथील मंदिर अतिशय प्राचीन आहे’ हे वाक्य. त्याच्या शेपटाला बारीक अक्षरांत ‘संदर्भ हवा’. हे दोन शब्द दिसले की ग्रंथालयातल्या माणसाचा हात आपोआप किल्लीकडे जातो. बंद कपाटात आमच्याकडे इंग्रजांच्या काळचं जिल्हा गॅझेटिअर आहे, पानं चुरमुऱ्यासारखी कुरकुरतात. तळहातावर तोलून उलटावी लागतात. त्यात मंदिर सापडलं, पण ते निघालं पेशवाईतलं. ‘अतिशय प्राचीन’ काढून मी तसं लिहिलं आणि खाली पृष्ठक्रमांकासकट संदर्भ जोडला. कुण्या अनोळखी संपादकाने त्यासाठी आभाराचं बटण दाबलं. आमचे अध्यक्ष मात्र खट्टू झाले. “बाई, हजार वर्षं तरी ठेवायची होतीत,” म्हणाले.

अहवालासाठी एवढं पुरेसं होतं. पण ज्याला खरं नेटवर्क म्हणावं, ते ज्या जागी सापडलं तिचा अभ्यासक्रमात उल्लेखही नाही. ती जागा म्हणजे आमच्या भागातल्या ग्रंथालय कर्मचाऱ्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप. सकाळी सूर्योदय आणि सुविचार, दुपारी ‘अनुदानाचं काही कळलं का’, रात्री कुणाच्या तरी मुलाचा दहावीचा निकाल. त्यात मी एकदा विचारलं.

निमित्त आमच्याकडे रोज येणाऱ्या एका निवृत्त गुरुजींचं. त्यांना तरुणपणी दिवाळी अंकात वाचलेली एक कथा पुन्हा वाचायची होती. लेखक आठवत नाही, अंक आठवत नाही. कथेत एक पोस्टमन असतो आणि शेवटी तो एक पत्र देत नाही, एवढंच. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून दरवर्षी मराठीत ढिगाने अंक निघतात, आणि ग्रंथालयं काय करतात? वर्षभर फिरवतात, मग गठ्ठा बांधून माळ्यावर टाकतात. आत कुणाची कुठली कथा आहे, याची नोंद कुणी ठेवत नाही. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली, तसं काम दिवाळी अंकांच्या पोटातल्या मजकुरासाठी कुणीतरी करायला हवं, असं मला नेहमी वाटतं. गुगलला तर तो पोस्टमन ओळखीचाही वाटला नाही. त्याने मला पोस्ट ऑफिसची वेळ सांगितली.

ग्रुपवर टाकलं, आणि चहा होईपर्यंत एका फोटोचा निरोप आला. आखीव वहीचं पान, निळ्या शाईतलं बारीक अक्षर: अंकाचं नाव, वर्ष, कथेचं शीर्षक, लेखक, पृष्ठ, आणि शेवटच्या रकान्यात कथेचा विषय तीन-चार शब्दांत. ‘पोस्टमन, न दिलेलं पत्र’ असं तिथे स्वच्छ लिहिलेलं. पानाच्या कोपऱ्यावर वही उघडी धरणारा एक म्हातारा अंगठा. हे काका शेजारच्या तालुक्याच्या वाचनालयातून कधीच निवृत्त झालेले. नोकरीत असताना प्रत्येक दिवाळी अंक माळ्यावर टाकण्याआधी त्यांनी असा वाचून उतरवून ठेवला होता, कुणी सांगितलं नसताना. गुरुजींना कथेची झेरॉक्स मिळाली. त्यांनी ती काउंटरवरच उभ्याने वाचली आणि “मला वाटलं होतं तेवढी काही चांगली नाही,” म्हणून वर्तमानपत्राकडे वळले.

मी काकांना लिंक्डइनवर शोधलं. अर्थातच नाहीत. फोन करून विचारलं, वह्या टाइप करून घेऊ का? “घ्या की, बाई. पण साल चुकवू नका.” आता दुपारचे डिंक-पुठ्ठे आटोपले की एकेक पान एक्सेलमध्ये चढवते. ‘विषय’ हा रकाना काकांच्या शब्दांत जसाच्या तसा ठेवलाय. त्याला दशांश वर्गांक, म्हणजे ड्युई यांच्या पद्धतीतला विषयाचा आकडा, द्यायचा मोह होतो, पण ‘सासूला न विचारता केलेला चहा’ हा विषय ड्युईसाहेबांच्या कुठल्या खणात बसेल, तुम्हीच सांगा. पुरतं झालं की फाइल सगळ्यांसाठी खुली करायची आहे, कोहात घेता येईल अशा रूपात. मॅडमना अहवालात हेही चालेल का, ते अजून विचारलेलं नाही.

फक्त १९७८ आणि १९८३ ही दोन सालं वह्यांमध्ये कोरी आहेत. त्या वर्षी वाचनालयाकडे पैसे नव्हते, अंक घेतलेच नाहीत. तुमच्याकडे माळ्यावर, ट्रंकेत, आजोबांच्या कपाटात त्या सालांचा कुठलाही दिवाळी अंक असला तर अनुक्रमणिकेचा फोटो पाठवा. कव्हर नको, जाहिराती नकोत. अंगठा आला तरी चालेल.