प्येरोगी रुस्क्ये: शब्द आणि पीठ, दोन्हींची नोंद

पोलिश शब्द आणि पोलिश स्वयंपाक सोबत शिकायच्या या टप्प्यात पदार्थ एकच, बटाटा-त्फारुकचे (त्फारुक म्हणजे आंबट दह्याचं ताजं चीज) प्येरोगी रुस्क्ये, म्हणजे सारण भरून पाण्यात उकडलेल्या करंज्या. (नावाचा रशियाशी संबंध नाही. 'रुस्क्ये' म्हणजे रूशचे, आणि 'रूश' हा आजच्या पश्चिम युक्रेनकडचा जुना प्रदेश. 2022 नंतर काही पोलिश खानावळींनी पाटीवर सरळ 'युक्रेनी' लिहिलं.)

च्यास्तो, म्हणजे पीठ: मोंका (मैदा) 500 ग्रॅम, गरम वोदा 250 मिली, लोणी 30 ग्रॅम, अर्धा चमचा सुल (मीठ). आपला मैदा दरवेळी सारखंच पाणी पीत नाही, म्हणून शेवटचं 30 मिली राखून ठेवा. यायको (अंडं) घातलं की पोळी लाटताना मागे खेचते, वगळलेलं बरं. अर्धा तास झाकून ठेवा.

फार्श, म्हणजे सारण: उकडलेले झ्येम्न्याकी (बटाटे) 500 ग्रॅम, त्फारुक 250, लोण्यात परतलेल्या दोन त्सेबूला (कांदे), भरपूर मिरी. त्फारुकच्या जागी पनीर नको, ते रबरी लागतं आणि आंबटपणा येतच नाही. त्फारुक घरीच करा: सव्वा लिटर दुधाचं आंबट दही 40-45 अंशांवर पाणी सुटेपर्यंत तापवा, फडक्यात टांगा. उकळलं तर दाणे कडक होतात. सारण पूर्ण गार हवं. वाफेने पोळी ओली होते आणि खालून फाटते.

2 मिमी जाड पोळी, 7 सेंमीच्या चकत्या, दीड चमचा सारण. कडेला घालतात ती फाल्बान्का म्हणजे करंजीची मुरडच. पाण्यात प्येरोगी उघडले तर कारण बहुधा कडेला लागलेलं सारण किंवा कोरडा मैदा. पाणी हलकंच उकळतं ठेवा. वर तरंगल्यावर 2-3 मिनिटं पुरेत.

शब्दांत अडतं ते मोजण्यापाशी. द्वा, त्शी, च्तेरी (2, 3, 4) प्येरोगी. पण प्येंचपासून (5) प्येरोगुफ. 22 ला पुन्हा प्येरोगी, 12 ते 14 मात्र प्येरोगुफच. 'अमक्याच्या सारणाचे' सांगताना शब्दाचा शेवट बदलतो: कापुस्ता (कोबी), पण स् कापुस्तों, ग्झिबी (अळंबी), पण झ् ग्झिबामी. मागवताना आधी 'पोप्रोशे' (कृपया द्या).

पुढचा टप्पा उश्का: नाताळच्या आदल्या रात्रीच्या बीटच्या बार्श्चमधले (बार्श्च म्हणजे सूप) चिमुकले प्येरोगी. चौकोन 4 सेंमीचे, सारण सुक्या अळंब्यांचं. अळंब्या रात्रभर भिजवा. ते पाणी बार्श्चमध्ये जातं, तळाची रेती तेवढी गाळून घ्या.